गाडीच्या सिस्टीमला फोन-टॅबलेट जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की दिवसभर तेच ऐकू येतं: "दादा, फोन कनेक्ट होत नाहीये, जरा बघता का?" दोन-तीन वर्षांपासून त्यात दुसरे प्रश्न मिसळायला लागलेत. गाडी माझे कॉन्टॅक्ट का मागते? गाडी विकली, माझे नंबर तिच्यात राहिले का? खाली जोडणीचे प्रश्न आधी घेतलेत आणि गाडीकडे आपलं काय काय राहून जातं, ते नंतर. दुसऱ्या भागाला जास्त जागा दिली आहे, कारण फोन जोडून देणारे पुष्कळ भेटतात. जोडल्यावर आत काय गेलं, ते सांगणारं कुणी भेटत नाही.

माझ्या गाडीत फोन कशाने जोडता येईल, हे कसं ओळखायचं?

स्टिअरिंगवर फोनच्या रिसीव्हरचं बटण असेल तर ब्लूटूथ आहे असं धरून चाला. यूएसबीच्या भोकाशेजारी त्रिशूळासारखं किंवा फोनचं चिन्ह असेल तर तिथून डेटा जातो. नुसतं बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असेल तर ते फक्त चार्जिंगचं. बारीक गोल भोक म्हणजे ऑक्स, हेडफोनसारख्या पिनची वायर लावायचं. ते नव्या गाड्यांतून जवळजवळ गेलंच आहे, आणि आयफोनमधून तर २०१६ सालीच गेलं.

मोठा टचस्क्रीन दिसला म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा (आयफोनसाठी) कारप्ले, म्हणजे फोनमधला नकाशा-गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय, असेलच असं नाही. एकाच मॉडेलच्या टॉप व्हेरियंटला ते असतं आणि बेसला नसतं. ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद पडलेलं मॅन्युअल एकदा तरी उघडा.

कालपर्यंत ब्लूटूथ आपोआप जोडलं जायचं, आज जोडलं जात नाही. काय करू?

दोन्हीकडची जुनी ओळख पुसा. फोनमधून गाडी काढा आणि गाडीच्या यादीतून फोन काढा. लोक एकाच बाजूने काढतात, दुसऱ्या बाजूला जुनी नोंद तशीच राहते आणि दोघांचं जुळत नाही. मग फोन रिस्टार्ट करा. गाडी बंद करून दार उघडा, लॉक करा आणि चार-पाच मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत चावी काढली तरी सिस्टीम काही वेळ जागीच असते, त्यामुळे 'बंद करून चालू केली' असं आपल्याला वाटतं, पण ती झोपलेलीच नसते.

आणखी एक कारण म्हणजे यादी भरलेली असणं. गाडीच्या लक्षात ठराविकच फोन राहतात. आधीचा ड्रायव्हर, मेहुणा, लग्नाच्या वरातीत गाणी लावायला आलेला चुलतभाऊ, असे सगळे आत बसलेले असतात. मग नव्याला जागा कुठून मिळणार?

गाणी गाडीत वाजतात, पण कॉल फोनवरच येतो. असं का?

ब्लूटूथ ही एकच तार आहे असं आपल्याला वाटतं, पण तिच्यात वेगवेगळ्या वाटा असतात. कॉलची एक, गाण्यांची दुसरी, गाणं पुढे-मागे करणाऱ्या बटणांची तिसरी, फोनबुक आणि मेसेजची आणखी निराळी. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर दाबलं की अँड्रॉइडवर 'फोन कॉल', 'मीडिया ऑडिओ', 'कॉन्टॅक्ट शेअरिंग' असे वेगवेगळे खटके दिसतात. त्यातला एखादा बंद असतो. हे खटके लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

केबल लावली तरी अँड्रॉइड ऑटो येत नाही, फक्त चार्जिंग होतं.

दहापैकी सात वेळा केबलच खराब असते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. सिग्नलवर किंवा बस स्टँडबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये कित्येकदा डेटाच्या दोन तारा नसतातच. फोनसोबत आलेली आखूड केबल लावून बघा.

तरीही जमत नसेल तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात बॅटरीचा उजेड मारून बघा. जीन्सच्या खिशातला कापूस तिथे दाबून दाबून नमद्यासारखा बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई, पिन किंवा धातूचं काहीही घालू नका. परवा एका गृहस्थांना 'नवा स्टिरिओ लागेल' असं सांगून कुणीतरी आमच्याकडे पाठवलं होतं. त्यांच्या फोनमधून निघालेला बोळा मसुराच्या दाण्याएवढा होता. स्टिरिओ होता तोच चालला.

वायरलेस चालेल का? त्यासाठी मिळणारा डोंगल घ्यावा का?

अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा आणि ५ गिगाहर्ट्झ वायफाय असलेला फोन असेल, तर फोनच्या बाजूने अडचण नाही. गाडीलाही वायरलेस यावं लागतं. इथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. नकाशा आणि गाणी वायफायवरून जातात. म्हणून फोन तापतो आणि बॅटरी उतरते. रोज वीस मिनिटं ऑफिसला जाणाऱ्याला वायरलेस सोयीचं. पुण्याहून सावंतवाडीला निघालात तर केबल लावा.

वायरवाल्या गाडीला वायरलेस करणारे डोंगल चालतात, पण त्यांचा वायफाय पासवर्ड कित्येकदा एकच आकडा आठ वेळा, किंवा एक ते आठ असा ओळीने असतो. तो बदलता येणारा डोंगल असेल तरच घ्या, आणि घरी आणल्यावर पहिलं काम तेच करा. त्याचं कारण हॅकिंगच्या प्रश्नात येईल.

आयपॅड किंवा टॅबलेट गाडीला जोडता येतो का?

गाण्यांसाठी ब्लूटूथने येतो. कारप्ले आयपॅडवर नाही, ते फक्त आयफोनचं आहे. अँड्रॉइड ऑटोही फोनसाठीच बनवलेलं आहे. दुसरी गोष्ट लोकांना खरेदीनंतर कळते: फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. मोठा नकाशा दिसेल म्हणून डॅशबोर्डवर आयपॅड बसवायला आलेल्या दोघांना आम्ही असंच परत पाठवलं आहे. सिमवाल्या मॉडेलमध्ये जीपीएस असतं.

घरोघरीची खरी तक्रार निराळी. मागच्या सीटवर पोरांच्या हातात टॅबलेट असतो, तो गाडी सुरू होताच आधी जोडला जातो आणि बाबांचा फोन बाहेर राहतो. मग कॉल घ्यायच्या वेळी स्पीकरमधून कार्टून. गाडीच्या सेटिंगमध्ये आपला फोन 'प्राधान्याचा' करून ठेवा, टॅबलेटच्या नोंदीत फक्त मीडिया चालू ठेवा. त्याहून सोपं म्हणजे पोरांना वायरचा हेडफोन द्या.

ऑक्सला फोन लावून चार्जिंगही लावलं की स्पीकरमधून 'कूंऽऽ' येतं. रेस दिली की वाढतं.

हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा आवाज. फोनला चार्जरमधून एक अर्थिंग मिळतं आणि ऑक्सच्या वायरमधून दुसरं, त्यातून फेरा तयार होतो आणि इंजिनचा विजेचा गोंगाट स्पीकरपर्यंत पोहोचतो. चार्जर काढा, आवाज थांबला तर निदान पक्कं. ऑक्सच्या मधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, काडेपेटीएवढा. तो लावा. यासाठी स्पीकर बदलू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

गाडी जुनी आहे. एफएम ट्रान्समीटर लावू की स्टिरिओच बदलू?

सिगारेट लायटरच्या जागी लागणारा एफएम ट्रान्समीटर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःचं छोटं रेडिओ स्टेशन चालवतो. गावाकडे ठीक चालतो. मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीने बसलेली, त्यांच्यामधली फट शोधता शोधता सायनहून ठाणे येतं.

शिवाय हे स्टेशन आपल्यापुरतं नसतं. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभा असताना माझ्या रेडिओवर अचानक एका बाईंचा आवाज आला: "अहो, एफडी मोडली का, किती आले?" शेजारच्या गाडीतले गृहस्थ ट्रान्समीटरवरून बायकोशी बोलत होते. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही, कारण तो आवाज माइकमधून फोनकडे जातो. पण पलीकडून येणारं प्रत्येक वाक्य आसपासच्या गाड्यांपर्यंत जात होतं. मी काच खाली करून खूण केली, त्यांना वाटलं पुढे जायला जागा मागतोय.

बजेट असेल तर स्टिरिओ बदला. जुन्या गाड्यांत दोन मापं असतात: सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन १८० बाय १०० मिलिमीटर. बसवणाऱ्याला एकच सांगा, मूळ वायर कापायची नाही, तुमच्या गाडीचा कपलर, म्हणजे जोडणीचा तयार प्लग, लावायचा. वायर कापून टेप गुंडाळलेली गाडी वॉरंटीत नेली की पहिला वाद तिथेच सुरू होतो.

पेनड्राइव्ह गाडी वाचत नाही.

फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. जुन्या सिस्टीमला एनटीएफएस ही विंडोजची दुसरी पद्धत कळत नाही.

घाटात गाणी आणि नकाशा दोन्ही अडकतात. सिस्टीम खराब आहे का?

नाही हो, नेटवर्क जातं. वरंधा किंवा आंबोलीला निघण्याआधी घरच्या वायफायवर नकाशाचा तो भाग ऑफलाइन घ्या, गाणी डाउनलोड करा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहाकडून येतं. लागतो तो नकाशा, आणि तो आधी उतरवून ठेवता येतो.

पेअर करताना गाडी कॉन्टॅक्ट आणि मेसेज मागते. 'अलाऊ' करू का?

स्वतःची गाडी असेल आणि ती तुम्हीच चालवत असाल तर कॉन्टॅक्ट द्या. स्टिअरिंगवरचं बटण दाबून "आईला फोन लाव" म्हणता येतं, हात चाकावर राहतात. मेसेजचं मात्र दोनदा विचार करून ठरवा. सासरेबुवा शेजारी बसलेले असताना मित्राचा व्हॉट्सअ‍ॅप स्पीकरवर यंत्राच्या आवाजात वाचून दाखवला जातो, तेव्हा गाडीतून उतरताही येत नाही.

हे दिल्यावर होतं काय ते समजून घ्या. बहुतेक सिस्टीम तुमचं फोनबुक आणि कॉलची यादी उतरवून स्वतःकडे ठेवतात. काही गाड्या फोन दूर गेला की ते दाखवणं बंद करतात, पण 'दाखवत नाही' आणि 'पुसलं' यात फरक आहे. नको असेल तर अँड्रॉइडवर गाडीच्या नावासमोरचा कॉन्टॅक्ट शेअरिंगचा खटका बंद करा. आयफोनवर ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावापुढच्या 'आय'वर दाबून कॉन्टॅक्ट सिंक बंद करा. गाणी आणि कॉल त्यानंतरही चालतात.

सेकंडहँड गाडी घेतली किंवा विकली, तर काय करायचं?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात, आणि तो सगळ्यात जास्त विचारायला हवा. मी स्वतः काही वर्षांपूर्वी घेतलेली गाडी घरी आणली आणि सहज फोनबुक उघडलं. 'आई नवीन', 'दूधवाले काका', 'सोनोग्राफी डॉ.', 'मीरा शाळा व्हॅन'. नकाशात 'घर' म्हणून एक पत्ता, 'ऑफिस' म्हणून दुसरा. त्या माणसाला मी एकदाही भेटलो नव्हतो, व्यवहार एजंटमार्फत झालेला. पण त्याची मुलगी शाळेत कशाने जाते आणि तो सकाळी कुठून कुठे जातो, हे मला दहा मिनिटांत कळलं. जरा कसंतरीच झालं. सगळं पुसलं आणि मग आधी विकलेल्या माझ्या गाडीची आठवण झाली. ती मी पुसली नव्हती.

विकताना आरसी ट्रान्सफरचे कागद, विमा, फास्टॅग हे सगळं लक्षात राहतं. त्यात एक ओळ वाढवा: सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फॅक्टरी रिसेट'. एकेक फोन डिलीट करत बसू नका, पूर्ण रिसेट करा, म्हणजे नकाशातले पत्ते आणि वायफायचे पासवर्डही जातात. नंतर फोनमधूनही गाडी काढा; आयफोनवर कारप्लेच्या यादीतून वेगळी काढावी लागते. गाडीला कंपनीचं मोबाइल अ‍ॅप असेल, जिथून ती कुठे उभी आहे ते दिसतं किंवा दार उघडतं, तर त्या खात्यातूनही गाडी मोकळी करा. घेणाऱ्याने हेच उलट तपासायचं, नाहीतर जुन्या मालकाच्या फोनवर तुमची गाडी रोज दिसत राहील. गॅरेजच्या दाराचा रिमोट गाडीत शिकवलेला असेल तर तोही पुसायचा, पण आपल्याकडे तो थोड्यांकडेच असतो.

भाड्याच्या गाडीत किंवा टॅक्सीत फोन जोडला तर?

गोव्यात दोन दिवसांसाठी घेतलेल्या गाडीला फोनबुक द्यायचं काहीच कारण नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्येच प्रवाशांना सावध केलं होतं की भाड्याच्या गाडीत फोन जोडला तर नंबर, कॉलच्या नोंदी, नकाशातले पत्ते मागे राहू शकतात. पुढच्या वर्षी प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने भाड्याच्या गाड्या तपासल्या, तर आधीच्या भाडेकऱ्यांची माहिती सापडली. तुम्हीही बघा, भाड्याच्या गाडीचं ब्लूटूथ उघडलं की दहा जणांच्या फोनची नावं दिसतात, आणि त्यात बहुतेक लोकांनी स्वतःचं नाव-आडनाव दिलेलं असतं.

फक्त चार्जिंग हवं असेल तर लायटर सॉकेटमध्ये स्वतःचा चार्जर लावा, गाडीच्या यूएसबीत नको. फोनने 'डेटा वापरू द्यायचा का' किंवा 'ट्रस्ट' विचारलं की 'नाही' म्हणा, चार्जिंग तरीही होतं. गाडी परत देण्याआधी आपली नोंद पुसा. चावी देताना, काउंटरवर पोहोचण्याच्या आधी. नंतर कुणीच परत जात नाही.

ब्लूटूथवरून कुणी माझी गाडी हॅक करू शकतं का?

भीती आणि वस्तुस्थिती वेगळी करू. २००५ मध्ये ट्रायफिनाइट नावाच्या संशोधकांच्या गटाने 'कार व्हिस्परर' हे साधन दाखवलं. तेव्हाच्या हँड्सफ्री किटना पिन असायची ०००० किंवा १२३४, ती टाकून जाणाऱ्या गाडीतलं बोलणं ऐकता यायचं आणि तिच्या स्पीकरवर बोलताही यायचं. २००७ नंतरच्या ब्लूटूथमध्ये दोन्ही स्क्रीनवर सहा आकडी संख्या येते आणि ती जुळवून 'हो' म्हणायचं असतं. आकडे न बघता 'हो' दाबणारे आपण, म्हणून ती सोय निम्मी वाया जाते. बघून दाबा.

सगळ्यात गाजलेला प्रसंग जुलै २०१५ चा. चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या दोघांनी अमेरिकेत सेंट लुइसजवळ हायवेवर चालणारी जीप चेरोकी घरबसल्या ताब्यात घेतली. आधी एसी, रेडिओ, वायपर. मग गाडीचा वेगच मेला. आत बसलेल्या पत्रकाराला हे होणार याची कल्पना होती, तरी त्याचा घाम निघाला. शिरकाव झाला तो म्युझिक सिस्टीममधून, पण कुणाच्या फोनच्या ब्लूटूथने नाही. त्या सिस्टीमचं स्वतःचं मोबाइल कनेक्शन उघडं होतं. कंपनीने १४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि दुरुस्ती काय, तर पोस्टाने पाठवलेला पेनड्राइव्ह. तेव्हापासून गाण्यांची यंत्रणा आणि ब्रेक-इंजिनची यंत्रणा यांच्यामध्ये भिंत घालण्यावर कंपन्यांचा भर आहे.

आपल्याला जवळचा आहे तो २०२५ चा. ओलिगो या सुरक्षा कंपनीने एअरप्लेमधले (अ‍ॅपलची वायरशिवाय गाणी-व्हिडिओ पाठवायची सोय) दोष 'एअरबोर्न' या नावाने जाहीर केले, त्यात कारप्लेच्या सिस्टीमही होत्या. गाडीच्या वायफायचा पासवर्ड ओळखता येण्यासारखा असेल, तर जवळ उभा असलेला माणूस आत शिरू शकतो. वर डोंगलच्या पासवर्डचा एवढा कंठशोष केला तो यासाठी. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना ऑइल बदलण्याबरोबर 'सिस्टीमचं अपडेट आहे का' हेही जॉबकार्डवर लिहून घ्या. सल्लागार आधी चमकून बघेल, पण लिहील.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत जीमेल टाकू का?

रोजच्या वापरातलं मुळीच नको. हा स्टिरिओ म्हणजे चाकांवरचा टॅबलेटच, पण त्याला लॉक नसतो आणि अपडेट बहुधा कधीच येत नाही. सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती छान मोठी लिहिलेली असते. तिच्यावर जाऊ नका, त्याच पानावर सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीची तारीख सहज सापडेल. आता विचार करा: त्यात तुमचं जीमेल, जीमेलमध्ये फोटो आणि बँकेचे मेल, आणि गाडी वॉशिंग सेंटरवर चावीसकट सोडलेली.

गाडीपुरतं वेगळं खातं काढा आणि यूट्यूब, नकाशा त्यावर चालवा. दुकानदार 'मी माझं खातं टाकून देतो' म्हणाला तरी नको, मग तुम्ही कुठे कुठे फिरलात ते त्याच्या खात्यात साठतं. हे मी दुकानदार असून सांगतोय.

गाडी चालवताना फोन स्टँडवर असला तर दंड होतो का?

हातात धरून वापरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली तो धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२० मध्ये नियमांत बदल होऊन फक्त रस्ता बघण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरायला मोकळीक मिळाली. पत्ता निघण्याआधीच टाका.

उन्हात गाडीत ठेवलेला फोन किंवा टॅबलेट बिघडतो का?

आयफोन-आयपॅड वापरण्यासाठी अ‍ॅपलने सांगितलेली मर्यादा ३५ अंशांची आहे, नुसतं ठेवण्यासाठी ४५. मे महिन्यात नागपुरात सावलीतच तेवढं होतं, बंद गाडीतल्या डॅशबोर्डचं तर विचारूच नका. तापला असेल तर एसीच्या झोताखाली किंवा फ्रीजमध्ये एकदम गार करू नका, सावलीत राहू द्या.

पलीकडच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

नवा स्टिरिओ बसवल्यावर माइक कुठे लावला ते बघा. घाईत तो स्टिरिओच्या चौकटीवर चिकटवून मोकळे होतात, एसीच्या जाळीशेजारी. मग आधी वारा ऐकू येतो आणि त्याच्या मागून तुम्ही. माइक ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या खांबावर किंवा आरशाजवळ, तोंडाच्या दिशेने हवा. वायर अस्तराच्या आत सरकवली की दिसतही नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि तुम्ही समोर उभे राहिलात तर नीट होतं.